काकूंचा अर्धा राग

माणसाच्या मेंदूतून थेट तोंडामानेकडे उतरणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, आणि त्या बाराच्या बारा मी आमच्या भांडुपच्या चाळीत तपासायला घेतल्या होत्या. मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. वॉर्डातले पेशंट आमच्या वाट्याला यायचे ते सिनियर मुलांचे हात फिरून झाल्यावर, आणि तोवर ते इतके वैतागलेले असायचे की जीभ बाहेर काढा म्हटलं की वेडावूनच दाखवायचे. म्हणून मी घरची माणसं धरली. ती बिचारी कुठे पळणार?

पहिली नस वासाची. ती मी बाबांवर तपासायची. डोळे मिटायला लावून नाकाखाली कधी कॉफी धरायची, कधी साबण, कधी लवंग. बाबांचं उत्तर ठरलेलं, "सुकट." गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले होते. दिवसभर नटबोल्ट मोजून घरी आल्यावर पोरीने नाकाखाली साबण धरलेला त्यांना मुळीच आवडायचा नाही. आठवी नस ऐकण्याची. तिच्यासाठी मी आईच्या डोक्यावर कंप पावणारा धातूचा चिमटा टेकवला, तर ती म्हणाली, "अगो बाय, डोक्यात भजनच सुरू झालं." पाचवीने जबडा आवळता येतो. ती बघायला शेजारच्या आजींना "दात घट्ट आवळा" म्हटलं, तर त्यांनी आधी कवळी शोधायला घेतली आणि शोधता शोधता पाचवी नस राहूनच गेली.

सातव्या नसेला मात्र ताईच लागायची. सातवी म्हणजे चेहऱ्याची. कपाळाला आठ्या घाल, डोळे गच्च मीट, गाल फुगव, दात दाखव, शीळ वाजव. हे सगळं ताई एका दमात करून दाखवायची आणि वर नाक मुरडून म्हणायची, "हे तुझं फुकट." मी तिला सांगायचे की बाई गं, मराठी माणसाचा अर्धा संसार या एका नसेवर चाललेला आहे. रुसायचं, गाल फुगवायचे, नाक मुरडायचं, डोळा मारायचा, तोंड वाकडं करायचं, सगळं हिच्याच जिवावर.

ताई म्हणाली, "मग माझ्या सासूबाईंची ही नस फारच दणकट असणार."

सासूबाई अजून व्हायच्या होत्या, आणि होतील की नाही हाच प्रश्न होता. ताई अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि मुलगा त्याच ऑफिसात अकाउंट्समध्ये. दोघांचं जमून वर्ष होऊन गेलं होतं. मुलगा पार्ल्याचा, घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नोकरीपेशाचे, ताटात मासा कधी आलेला नाही. आम्ही मालवणकडचे, गिरणीवाल्याच्या पोरी, आणि आमच्याकडे ज्या दिवशी मासा नसेल त्या दिवशी कुणी आजारी आहे का असं शेजारी विचारायचे. मुलाच्या वडिलांची काही हरकत नव्हती. हरकत होती ती आईची, म्हणजे काकूंची. "भांडुप? आणि तेही चाळीत?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या म्हणे, पण वर्षभर त्यापुढे गेल्या नव्हत्या.

शेवटी मुलाच्या हट्टाखातर त्या एकदा आमच्या घरी यायला कबूल झाल्या. मुलाने ताईला स्पष्ट सांगितलं होतं, आईने मनापासून हो म्हटलं पाहिजे, तिला रडवून मला लग्न करायचं नाही. ताईचंही तेच. नको असलेल्या घरात मी पाऊल टाकणार नाही, असं तिने मला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितलं, आणि मग तिथेच कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला सोय. तेव्हा सगळं काकूंच्या एका शब्दावर आलं होतं. त्यात बाबांनी आपली अट घातली, "त्यांनी एकदा जरी नाक मुरडल्यान ना, तर मी चहाचे कप उचलून घेतलंय म्हणून समज."

मग काय, आमच्याकडे दोन दिवस आधीपासून मासे बंद. आईने भिंतींपर्यंत घर धुतलं आणि इतका धूप जाळला की समोरच्या बिऱ्हाडातून कोण गेलं म्हणून विचारायला माणूस आला. कप शेजाऱ्यांचे, ट्रे मावशीचा, सोफ्यावरची चादर माझ्या एका मैत्रिणीच्या आईची. आईने मला बजावलं, "आज कुणाच्या नसाबिसा बघायच्या नाहीत. मुकाट्याने पोहे वाढायचे."

मी शप्पथ घेतली.

रविवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी एक फियाट येऊन थांबली. गाडी त्यांच्या शेजाऱ्यांची, चालवणारे मुलाचे वडील. हौशी माणूस! रविवार आहे, जरा हिरवळ बघत जाऊ म्हणून त्यांनी गाडी आरे कॉलनीतून आणली होती. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी काकू, आणि त्या खिडकीची काच खाली जाऊन अडकलेली, वर येईचना. सकाळचा गार वारा सगळा रस्ताभर त्यांच्या डाव्या कानावर. गाडीतून उतरल्या त्याच कानावर पदर दाबून. आईने हसून "या" म्हटलं, तर त्यांनी उत्तरादाखल जे केलं त्याला हसू म्हणावं की काय म्हणावं ते आम्हाला कळलं नाही. ओठ एकाच बाजूला गेले.

आई मला कोपराने ढोसत म्हणाली, "बघितलंस? दारातच तोंड वाकडं."

आता बसण्याची गंमत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या बसण्यानेच झाला. आमच्या खोलीत सोफा एकच आणि त्याच्यावर पाहुणे एका रांगेत. डावीकडे टोकाला भिंतीशी काकू, त्यांच्या उजवीकडे त्यांचे यजमान, त्यापलीकडे मुलगा. समोर स्टुलावर बाबा, चटईवर आई आणि मी. म्हणजे काकूंचा चेहरा समोरून दिसत होता तो फक्त आम्हाला, आणि आम्ही त्यांना जन्मात पहिल्यांदा बघत होतो. ज्यांना तो चेहरा रोजचा होता ते बाजूला बसले होते, आणि त्यांना दिसत होती ती फक्त उजवी बाजू.

पोहे आले. काकूंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "याला काही चवच नाही हो." यजमान चमकून म्हणाले, "अगं, छान झालेत की!" पण बोलून गेलं ते गेलं. आईचा चेहरा पडला. मग चहा. काकूंनी घोट घेतला आणि तो ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ खाली ओघळला, साडीवर. त्यांनी रुमालाने पुसला आणि कप खाली ठेवून दिला. एवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातल्या कुकरने शिट्टी दिली. साधी रोजची शिट्टी, आम्हाला ती ऐकूही येत नाही. काकू दचकून डाव्या कानावर हात ठेवत म्हणाल्या, "बाई बाई, काय हा आवाज! सहन होत नाही."

आमचे पोहे बेचव, आमचा चहा थुंकण्याच्या लायकीचा, आणि आमच्या चाळीचा आवाज सहन होत नाही! बाबांच्या मानेची शीर तट्ट फुगली. ताई ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे पोटाशी धरला. मुलगा तिच्याकडे बघत होता आणि त्याला कळत नव्हतं की ही एवढी पांढरी का पडली.

बाबा उठले आणि मला हाताने खूण करून स्वयंपाकघरात घेऊन गेले. आत गेल्या गेल्या त्यांचं मालवणी सुटलं. "गो, ती बाय माका डोळो मारता!"

"काय?"

"खऱ्यान सांगतंय. दोनदा बघलंय. एक डोळो उघडो आणि एक मिटता. ह्या वयात? घोव बाजूक बसलेलो असताना? माका नको ही सोयरीक. मी आता भायर जाऊन सांगतंय."

मला हसू फुटणार होतं, पण बाबा सदऱ्याच्या बाह्या सरसावत होते. आणि त्यांच्या खांद्यावरून मला ताई दिसत होती. ती आमच्याकडेच बघत होती. बाबा काय सांगायला उठलेत ते तिला न ऐकताच समजलं होतं. तिने एकदाच मान हलवली, नको, अशी. वाट लागली, दुसरं काय! वर्षभर ऑफिसच्या बसस्टॉपवर उभं राहून जुळवलेलं सगळं या दोन मिनिटांत मातीत जाणार होतं.

मी दाराच्या फटीतून काकूंकडे बघितलं, रागानेच बघितलं. आणि त्यांनी पापणी मिटली. म्हणजे उजवी मिटली. डावी अर्धवट उतरून तिथेच थांबली, आणि आतलं बुबुळ वर सरकून नुसता पांढरा डोळा दिसला.

हे मी पाहिलेलं होतं. पुस्तकात, चित्रात, आणि सरांच्या कंटाळलेल्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. पोह्यांना चव नाही, कारण जिभेच्या पुढच्या भागाची चव सातवी नस आणते. शिट्टी सहन होत नाही, कारण कानातला मोठा आवाज आवरणारा एक इवलासा स्नायू सातव्या नसेच्याच हुकुमात आहे. चहा सांडला, कारण ओठ मिटत नाहीत. आणि बाबांना कुणीही डोळा मारत नव्हतं. काकू दोन्ही पापण्या मिटत होत्या, त्यातली एक मिटत नव्हती.

पण लगेच दुसरा विचार आला. तोंड वाकडं झालं म्हणजे आपल्याकडे म्हणतात, वारं गेलं. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून अर्धं अंग लुळं पडायची ती सुरुवात असू शकते. की नुसती नस सुजलेली आहे? हे ओळखायची एक युक्ती असते आणि ती कपाळावर असते. आमच्या चाळीत वरच्या मजल्याला दोन टाक्यांचं पाणी यायचं, तळमजल्याला एकाच टाकीचं. चेहऱ्याचंही तसंच आहे. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, गालाओठांना एकाच बाजूकडून. मेंदूत एका बाजूला बिघाड झाला तर तळमजला कोरडा पडतो, पण वर पाणी चालू राहतं. बाहेर आलेली नसच बिघडली, म्हणजे पाइपच तुंबला, तर वरखाली सगळीकडे ठणठणाट. म्हणून कपाळ हलतंय की नाही ते बघायचं. हललं तर जास्त भ्यायचं.

बाबा बाहेर जायला वळले, तशी मी त्यांच्या आधी बाहेर घुसले आणि काकूंच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काकू, जरा कपाळाला आठ्या घालता?"

आईच्या हातातला चमचा खाली पडला. बाबा मागून ओरडले, "वगी रव गो!" म्हणजे गप्प बस.

"म्हणजे भुवया वर करा ना. छताकडे बघा. डोकं न हलवता."

काकूंना वाटलं मी त्यांची नक्कल करतेय. वाटणारच. मुलगी बघायला आलेल्या बाईला मुलीची धाकटी बहीण सांगते, तोंडं करून दाखव! त्या ताडकन सरळ झाल्या. "काय म्हणालीस? हे काय वळण आहे?" आणि काय सांगू, असा सणसणीत राग आला त्यांना! उजवी भुवई वर चढली, उजव्या कपाळावर तीन आडव्या आठ्या उमटल्या, उजवी नाकपुडी फुगली. आणि डावीकडे काहीच नाही. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत.

मी आनंदाने ओरडलेच, "काकूंना राग अर्धाच आलाय!"

आता बाबा मला मारणार होते, यात शंका नाही. पण मुलाचे वडील आयुष्यातला पहिला शहाणपणा करून सोफ्यावरून उठले आणि समोर येऊन त्यांनी बायकोचा चेहरा बघितला. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, हे काय झालं तुला?" मग मुलगा उठला. काकूंनी दोघांची तोंडं बघितली आणि प्रथमच घाबरून आपला गाल चाचपला.

"काल रात्रीपासून कानामागे दुखतंय म्हणत होती," मुलगा म्हणाला. "सकाळी टूथपेस्टलाही चव नाही म्हणाली."

मी काकूंना दोन्ही हात समोर उचलायला लावले, मूठ आवळायला लावली, पाय हलवायला लावले. हातपाय ठणठणीत. बोलणं स्वच्छ होतं, फक्त ओठांनी काढायचे आवाज फुसफुसत होते. बाबा हे सगळं बघत दारात उभे होते आणि हळू आवाजात पुटपुटत होते, "वारो गेलो गो, तोंडावरसून वारो गेलो." मी त्यांना म्हटलं, मेंदूचं नसावं, नसेचं दिसतंय, पण मी अजून डॉक्टर नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल.

फियाटमध्ये पुढे ते दोघे बापलेक बसले, मागे मधोमध काकू, एका बाजूला मी आणि डाव्या खिडकीशी ताई. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. ट्रे आईच्या हातात देऊन ती सरळ येऊन बसली. काच अजून अडकलेलीच. रस्त्यावर खोदकाम, समोर ट्रक, आणि धूळ भपाभपा आत येत होती. काकूंचा डावा डोळा उघडाच. त्यांनी तो मिटायचा जीव तोडून प्रयत्न केला, डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, डोळ्यात कचरा जाता कामा नये, नाहीतर बुबुळाला जखम होईल. ताईने आपला पदर ओढून खिडकीच्या बाजूने आडोसा केला आणि दुसऱ्या हाताचा पंजा काकूंच्या डोळ्यावर अलगद, पोकळ धरून ठेवला, म्हणजे बोटं टोचणार नाहीत. गाडी आपटत होती, हात अवघडला असणार, पण मुलुंडच्या हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबेपर्यंत तिने तो काढला नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. मेंदू ठीक, सातवी नस सुजलीय. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, झोपताना डोळा पट्टीने बंद करा, चेहऱ्याचे व्यायाम करा. बहुतेकांचं तोंड काही आठवड्यांत सरळ होतं. "वाऱ्याने झालं का हो?" मुलाच्या वडिलांनी अपराधी आवाजात विचारलं. डॉक्टर म्हणाले, वाऱ्याला उगाच नावं ठेवू नका, दुखणं कालपासूनच सुरू होतं. ते ऐकून ते बिचारे इतके सुखावले की त्यांनी बाहेर येऊन सगळ्यांना उसाचा रस पाजला. काकूंचा निम्मा सांडला.

झकास! आता सगळं गोड होणार असं मला वाटलं. कसलं काय! काकूंनी घरी गेल्यावर जाहीर केलं की तोंड सरळ होईपर्यंत कुणाला भेटणार नाही आणि काही ठरवणारही नाही. ताईने भेटायला येऊ का म्हणून विचारलं, तर निरोप आला, नको. म्हणजे पसंती की नापसंती ते राहिलंच. काकूंच्या चेहऱ्यावरून काही ओळखावं म्हटलं तर चेहराच बंद पडलेला.

इकडे बाबांचं डोकंही तापलेलंच होतं. डोळा मारल्याचा गैरसमज गेला, पण पोह्यांना नावं ठेवली ते मनात राहिलं. शिवाय गावाकडून एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा बँकेत, घर कणकवलीला. "दिवाळीपर्यंत वाट बघतंय," बाबा म्हणाले. "एक तोंड सरळ होऊक किती दीस लागतत?" ताई ऑफिसला जायची, यायची, आणि मी सातवी नस तपासू का म्हटलं की आता आठ्याही घालायची नाही. मला तिची ती गुळगुळीत मुद्रा काकूंच्या चेहऱ्यापेक्षा भयंकर वाटायची.

मग एक दिवस मुलगा ऑफिसात ताईला म्हणाला, आई म्हणतेय, व्यायाम शिकवायला त्या आगाऊ मुलीला पाठव. आगाऊ मुलगी म्हणजे मी.

मी कॉलेज सुटल्यावर पार्ल्याला जायला लागले. काकूंनी घरातले सगळे आरसे उलटे करून ठेवले होते. पहिलं काम मी काय केलं असेल तर एक आरसा सुलटा केला आणि त्यांना समोर बसवलं. "मी बघणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मग मला बघू दे, मला परीक्षेला उपयोगी आहे." हे ऐकून त्या चिडल्या, आणि चिडल्या की मी लगेच डावं कपाळ बघायचे. आमची वैद्यकीय पद्धत अशी होती. चांगला राग आणावा आणि प्रगती मोजावी. भुवया वर करा, डोळे गच्च, गाल फुगवा. गाल फुगवले की डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्स. फुगा तर त्यांच्याकडून महिनाभर फुगलाच नाही.

ओठांसाठी मी मुळाक्षरंच धरली. प, ब, भ, म. हे आवाज दोन्ही ओठ नीट मिटल्याशिवाय निघत नाहीत. काकूंचा "पापड" यायचा "फाफड" आणि "पोपट" यायचा "फोफट." यजमान आतल्या खोलीत तोंडावर पेपर धरून हसायचे. मी घरी आले की ताई पायरीवरच उभी.

"काय म्हणाल्या?"

"फोफट म्हणाल्या."

"तसं नाही गं. काही बोलल्या का?"

"फपई पण म्हणाल्या."

ती मला धपाटा घालायची, पण रोज विचारायची. आणि रोज माझ्याकडे सांगायला फळं आणि पक्षीच असायचे. मला त्या दिवसांत तिच्या डोळ्यांत बघवायचं नाही, खरंच सांगते.

दिवाळी तोंडावर आली. काकूंच्या डाव्या भुवईने एक दिवस जराशी उचल खाल्ली. मग डोळा मिटायला लागला. त्या दिवशी मी गेले तर त्या स्वतःच आरशासमोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "चला, म्हणा. पापड."

"पापड," काकू म्हणाल्या. अगदी खणखणीत, कुरकुरीत!

"पोपट."

"पोपट. आधी मी काय सांगते ते ऐक." त्या आरशातूनच माझ्याकडे बघत होत्या. "त्या दिवशी मी तुमच्याकडे आले ना, ती तोंड वाकडं करायचं ठरवूनच आले होते. नाही म्हणायचं, पण मुलाला दुखवायचं नाही. म्हटलं, तोंडाने काही बोलायलाच नको, मुलीकडचे आपणच समजतील आणि नाही म्हणतील. गाडीत बसून मनात तीच तालीम चालली होती. तुझी आई दारात हसली तेव्हा मी मुद्दामच केलं. मला वाटलं, छान जमतंय. मग ते माझं मला थांबवताच येईना."

मी आ वासून बसले. माझं एवढं अचूक निदान, आणि त्यातलं निम्मं नाटक!

"तुझ्या बहिणीला ते कळलं होतं का गं? मी नाही म्हणायला आलेय हे?"

"ताईला?" मी म्हटलं. "तिला ट्रे घेऊन आली तेव्हाच कळलं होतं."

"आणि तरी गाडीत माझ्या डोळ्यावर हात धरून बसली," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि आरशात नीट बघून म्हणाल्या, "पसंत."

मी शिक्षकाच्या तोऱ्यात म्हटलं, "वा! एकदम स्वच्छ. आता पुन्हा एकदा."

"पुन्हा कशाला?" काकूंच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ्या पडल्या. पूर्ण राग! "एकदा सांगितलं ना? जा, बहिणीला सांग तुझ्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चपला उलट्या घालून पळाले. पार्ल्यापासून भांडुपपर्यंत मी कशी आले ते मला आठवत नाही. ताई नेहमीसारखी पायरीवर उभी होती, हातात केरसुणी. माझ्या तोंडाकडे बघूनच ती एक पायरी खाली आली.

"काय म्हणाल्या?"

"पसंत म्हणाल्या."

तिने केरसुणी घट्ट धरली. तिला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. "चेष्टा करू नकोस गं. व्यायामातला शब्द असेल. नक्की कसं म्हणाल्या, फसंत?"

"नाही गं," मी म्हटलं, "प. दोन्ही ओठ मिटून."